कड्याखालची मावशी

व्हिटबी,
८ मार्च १९५४

ती. हेस्टरताईस,
विनीचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती, ती इथे हवी त्याहून जास्तच आहे. टोपी डोक्यावर टिकत नाही. खोकला मात्र कमी झालाय. थिर्झामावशी सकाळ-संध्याकाळ धुरावलेले हेरिंग मासे खायला घालते आणि नको म्हटलं तर गिरणीतल्या पोरींना खायची अक्कल नसते म्हणून सुनावते.

ताई, मला इथे भीती वाटते. हसू नकोस. मावशीच्या घरामागे हातभर अंतरावर कडा सरळ वर गेलाय आणि त्याच्या माथ्यावर चर्चची दफनभूमी आहे. मधूनमधून कौलांवर खडे पडतात, कुणी मुठीने फेकावेत तसे. काल परसात कपडे वाळत घालताना पायाशी एक हाड दिसलं. माणसाचं. मी किंचाळले. मावशी पीठ मळता मळता बाहेर आली, हाड धुतलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि पाद्रीबाबांकडे देऊन आली. मला म्हणाली की वरचे शेजारी अधूनमधून खाली येतात, त्यांना परत पोचवायचं असतं, एवढं ओरडायला काय झालं! शेजारचे आयझॅककाका दारात जाळं विणत बसलेले असतात. ते पोट धरून हसले.

त्यांना काहीच कसं वाटत नाही?

तुझ्या पत्राची वाट बघते. लहान बहिणीवर माया आहेच, ती असू दे.
तुझी,
विनी


हॅलिफॅक्स,
१० मार्च १९५४

चि. विनीस,
हेस्टरताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चहा पिताना वाचलं आणि चहा नाकात गेला. अगं, तू कोळशाच्या तळघरात उतरायला घाबरायचीस, तेव्हा तुझ्यामागे दिवा धरून मीच यायची. आता कड्याखाली दिवा धरायला कुणाला पाठवू? आपली आई त्याच घरात जन्मली, त्याच परसात खेळली. कडा तेव्हाही होता, खडे तेव्हाही पडायचे. आजारपणाने मन हळवं होतं, दुसरं काही नाही. भरपूर खा आणि मावशीला त्रास देऊ नकोस.

इथे सगळं ठीक. तुझ्या मागावर तात्पुरती दुसरी मुलगी बसवलीय. ती तुझ्याहून जास्त बडबडते म्हणे, आता बोल!

थट्टा केली म्हणून रागावू नकोस. अगदीच राहवत नसेल तर सरळ निघून ये, तुझा पलंग तयार आहे.
तुझ्या खुशालीच्या ओळींसाठी आतुर,
हेस्टर


व्हिटबी,
११ मार्च १९५४

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी रागावले नाही, पण तू इथे असतीस तर हसली नसतीस.

काल दिवसभर पाऊस लागला होता. आज स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून गढूळ पाणी येतंय. परसाचं दार चौकटीत असं घट्ट बसलंय की आम्हा दोघींनाही उघडेना. भांड्यांच्या कपाटामागे एक चीर आहे. मी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. दुपारच्या चहापर्यंत ती फाटली होती. मावशीला नेऊन दाखवली तर म्हणाली की कागदच हलका होता. मी रडले, हात जोडले, चार दिवस नदीच्या पुलापलीकडे, सपाटीवर खोली घेऊ म्हटलं. तर म्हणाली की या घरातून दोन नवरे उचलून नेले, मी स्वतःच्या पायाने जायची नाही. आयझॅककाकांनाही सांगून पाहिलं. ते म्हणाले की कडा त्यांच्या आजोबांपासून कुरकुरतोय, म्हाताऱ्यांनी कुरकुरायचं नाही तर काय करायचं?

मी एकटी निघून येऊ शकते. पण तिला इथे ठेवून कशी येऊ? म्हणून उद्या खोटं बोलणार आहे. छातीत दुखतंय, घरी जाते, बॅग उचलवत नाही, स्टेशनपर्यंत सोडायला चल, असं सांगेन. एकदा ती पूल ओलांडून पलीकडे आली की तिथेच चक्कर आल्याचं सोंग करेन आणि तिला अडकवून ठेवेन. पुढचं पुढे.

घाईत लिहितेय. अक्षर समजून घे आणि आमच्यासाठी प्रार्थना कर.
तुझी,
विनी


व्हिटबी,
१२ मार्च १९५४

ती. ताईस,
सा. न.

कडा कोसळला. मावशी आणि मी वाचलो. आयझॅककाका आत आहेत.

मावशी मला सोडायला निघाली खरी, पण चुलीवर रस्सा होता. तिने आयझॅककाकांना हाक मारली आणि मी येईपर्यंत जरा ढवळत बसा म्हणून सांगितलं. ते माझ्यादेखत आत गेले, ताई. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर मावशी निघाली नसती, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बोट जायची म्हणून नदीवरचा फिरता पूल बाजूला वळवून उघडला होता, आम्ही अलीकडेच थांबलो होतो. मागून कोळशाची गाडी रिकामी करावी तसा आवाज आला, पण तो थांबेचना. मावशीने वळून पाहिलं आणि बॅग टाकून पळत सुटली. स्वयंपाकघर दिसत नाही. नुसती माती आहे, आणि मातीत थडग्यांचे दगड. कोळी हातांनी उकरतायत. मावशी त्यांच्यात आहे, तिला कुणी बाजूला करू शकत नाही. मध्येच सगळे गप्प होऊन कान देतात. अजून आतून काही ऐकू आलेलं नाही.

मी त्यांना आत जाऊ दिलं.
विनी


व्हिटबी,
१९ मार्च १९५४

चि. हेस्टरला,
थिर्झामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं काळजीचं पत्र पोचलं. विनीला लिहायला बसवलं, पण तिच्याच्याने होत नाही, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर तुझ्या आईसारखं सुबक नाही, चालवून घे.

आयझॅक जिवंत आहे. भांड्यांचं कपाट त्याच्यावर तिरकं पडलं आणि त्याच्याखाली श्वासापुरती जागा राहिली. उजेड जाण्याआधी त्याला बाहेर काढला. तोंडातली माती थुंकल्यावर त्याने मला जी शिवी दिली ती तुला लिहून कळवण्यासारखी नाही. ती ऐकून मी गल्लीत खाली बसले आणि रडले. पाय दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात की काठी घेऊन चालेल, पण बोटीवर जाणं संपलं. त्याचं घर जागच्या जागी उभं आहे. मी हाक मारली नसती तर तो आपल्या दारात जाळं विणत बसला असता, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही.

विनी जेवत नाही. आपण गप्प राहिलो म्हणून हे झालं असं तिने मनाशी धरलंय. मी तिला सांगितलं की तू गप्प नव्हतीस. चार दिवस घसा फोडून सांगत होतीस. मी धड ऐकलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं नसतं, आणि आयझॅक माझ्या चुलीपाशी आला नसता. हे माझं आहे, तू उचलू नकोस. तिला पटलं की नाही कळत नाही. आम्ही दोघी रोज दवाखान्यात जातो. आयझॅक भिंतीकडे तोंड करून पडतो, पण जा म्हणत नाही.

आता खरं सांगते. दोन नवरे पुरले, दोन लढाया पाहिल्या, पण मला भीती कधी शिवली नव्हती. भित्र्या माणसांचा मला राग यायचा. आता आम्ही पुलापलीकडे सपाटीवर राहतो, मागे कडा नाही, काही नाही. काल भर दुपारी रस्त्यावर कुणीतरी खडीची गाडी रिकामी केली. भानावर आले तेव्हा मी टेबलाखाली होते, गुडघे पोटाशी घेऊन, दात वाजत होते. घरमालकीण दारात उभी राहून बघत होती.

विनी हसली नाही. काही विचारलंही नाही. वाकून आत आली आणि माझा हात धरून तशीच बसली, गाडी निघून जाईपर्यंत.

या म्हातारीचा विसर पडू देऊ नकोस.
तुझी,
थिर्झामावशी