काकांनी घातलेलं गाऱ्हाणं

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. धाकटा तापाने पडला होता, त्या दिवसांतली. आपल्याला ख्रिस्ती होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पालीपलीकडच्या आपल्या गावात कुणी आपल्याला पाणी विचारत नव्हतं, म्हणून आपण रत्नागिरीत राहत होतो आणि तुम्ही तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवत होता. विषमज्वराचा अठरावा दिवस. डॉक्टर आता काही बोलत नाहीत, आई कपाळावरच्या ओल्या घड्या बदलते आहे, तुम्ही खाटेशी गुडघे टेकून बसला आहात, आणि अंगणात तुमचे थोरले भाऊ, काका, उभे आहेत. बाप्तिस्म्यानंतर प्रथमच आपल्या दारी आलेले, तेही पायी.

"पोराचा ताप उतरत नाय. आता तरी हट सोड," काका म्हणाले. "चल गावात. देवलात नारल ठेवून गाऱ्हानं घालूया."

"दादा, मागायचं तिथं मागितलंय. दुसऱ्या दारात जानार नाय. तू आत ये, पोराला बघ तरी."

ते आत आले नाहीत. वळले आणि चालू लागले.

मी सतरा वर्षांची होते. पाण्याला जाते म्हणून घागर घेऊन निघाले आणि त्यांना वळणावर गाठलं. म्हटलं, "काका, तुम्ही घाला गाऱ्हाणं. बाबांना कळू देऊ नका." "मी नाय बोलनार कोनाला," ते म्हणाले. "तू पन बोलू नको." चौथ्या दिवशी ताप उतरला. रविवारी चर्चमध्ये तुम्ही मंडळीपुढे साक्ष दिलीत, देवाने प्रार्थना ऐकली म्हणून सांगितलंत, आणि मी मान खाली घालून बसले होते. पुढे बाजारात काका भेटले, त्यांनी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. ते मी रस्त्यातच खाल्लं. लाज वाटत होती, तरी खाल्लं.

सांगितलं तर तुमचा विश्वास मोडेल, असं मला वाटे. मंदीत शाळा बंद झाली, मग आई गेली, तेव्हा तुम्ही त्या तापाच्याच आठवणीवर उभे राहिलात. "तेव्हा ऐकलं, आताही ऐकेल," म्हणायचात. पण काकांचा विषय निघाला की म्हणायचात, "दादा पाठ फिरवून गेला तो गेलाच. पोर जगलं की मेलं, विचारलंन पण नाय." मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची. काका वारले तेव्हा गावाने तुम्हाला खांदा देऊ दिला नाही. तुम्ही लांब उभे राहून परत आलात आणि म्हणालात, "त्याला मी नकोच होतो." तेव्हाही मी गप्पच. तुमची श्रद्धा राखायला गेले आणि तुमचा भाऊ तुमच्यापासून तोडून बसले. श्रद्धा तशीही टिकली असती. ती माझ्या श्रद्धेसारखी लेचीपेची नव्हती.

हे पत्र टाकायला पेटी नाही. वाचायला धाकटाच काय तो उरला आहे, आणि त्याला तरी सांगायचं असं मी ठरवलं होतं. मागच्या रविवारी पाळकांनी मला साक्षीला उभं केलं. संकटात विश्वास कसा राखावा यावर बोला, म्हणाले. मी तापाची गोष्ट सांगितली, काकांचं मात्र ते अंगणातून निघून गेले इथपर्यंतच. घरी येताना धाकटा म्हणाला, "माणूस दगडाचाच होता, नाही का गं ताई?"

मी हो म्हटलं.