आबांचा बिबट्या

क्लेमेंटी, सिंगापूर
ऑक्टोबर २०१६

ती. ताईस मनोहरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धाच घातलाय, उरलेला मनातून). मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस, की सुनेलाच घालून पाडून बोलतेस? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि बोललोच तर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इकडे सगळे खुशाल. निशिकांत ऑफिसात राहतो, घरी पाहुणा येतो. सूनबाई मेधा मला तळलेलं खाऊ देत नाही. नात इरा माझ्याशी इंग्रजीत भांडते, मी मराठीत हरतो.

तर झालं काय, मेधाच्या मित्रमंडळींबरोबर ईस्ट कोस्टला जेवायला गेलो होतो. कुणीतरी विचारलं, काका, सिंगापूरला पहिल्यांदाच? मी कसला गप्प बसतोय! म्हटलं, मी पहिल्यांदा, पण माझे वडील लग्नाआधीच इकडच्या मलायाच्या जंगलात राहून गेलेत, साहेबाच्या शास्त्रीय शिकारमोहिमेत. (तेव्हा साहेब लोक शास्त्राच्या नावाने बंदुका घेऊन निघत, दिसेल ते मारत आणि म्युझियमला धाडत. मागे हमाल, आचारी, बंदुका वाहणारे आणि आपल्या आबांसारखे, असा सगळा गोतावळा.) मग ओघाने तुझा बिबट्या आलाच. आबांनी एका गोळीत लोळवलेला, साहेबाचा जीव वाचवणारा, आणि ज्याच्या जोरावर तुझ्या सासऱ्यांनी तुला पसंत केलं, तोच. परिणाम असा, की इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मुलांना ‘माझे शिकारी वडील’ सांगायचं माझ्या गळ्यात पडलं.

इरा म्हणाली, आधी जंगल तरी बघा. म्हणून मला होडीत घालून पुलाउ उबीन नावाच्या रानटी बेटावर नेलं. वाटेवर रानडुक्कर उभं! ताई, शिकाऱ्याच्या मुलाने काय करावं? मी बाकावर चढलो (गुडघे तेव्हा कुठे गेले होते कोण जाणे) आणि ‘आई गं’ म्हणून ओरडलो. डुकराने शांतपणे दशम्यांची पिशवी उचलली आणि चटणीसकट चालू लागलं. पोरगी हसून हसून रडली.

मग तिने मला इथल्या विद्यापीठाजवळच्या प्राण्यांच्या म्युझियममध्ये नेलं, तिथे सगळं मेलेलंच असतं म्हणून. मी बिबट्या शोधत होतो, आणि काचेखाली दिसल्या खारी. पाठीवर उताण्या, रांगेने निजवलेल्या, जुन्या मोहिमांतल्या. डोळ्यांच्या जागी कापसाचं टोक, आणि त्यातल्या एकीच्या टोकाला उलटा पीळ. डावखुऱ्या माणसाचा, आपल्या आबांसारखा. आबा दुधाचं बोट लावून वातीचं टोक मुडपायचे, तसाच शेवटी जरा मागे मुडपलेला.

ताई, आठवतं? दिवाळीआधी आबा हात घासघासून धुवायचे (सालपटं निघतील इतके, मलायात खारींच्या कातड्यांना विषारी सोमल लावायचे तेव्हाची सवय असणार, आता कळतंय) आणि ओसरीवर फुलवाती वळायला बसायचे. कसल्या पोट सुटलेल्या वाती त्या! आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, वाती वळताय की खारी भरताय? आपल्याला वाटायचं, आई चिडवतेय. अगं, ती खरं तेच सांगत होती! आबा आपले एवढंच म्हणायचे, साहेब मारायचे, पुढचं आम्ही बघायचो. ते ‘पुढचं’ म्हणजे कातडं काढून कापूस भरणं; त्यात बिबट्या आपण घुसवला.

ती खार त्यांनीच भरली असेल असं नाही. जगात डावखुरे काय थोडे आहेत? पण मी तिथेच हात जोडले आणि रडलो, चांगला हुंदके देऊन. तिथला रखवालदार येऊन पाणी देऊन गेला. आबांची फार आठवण आली गं.

सर्वांना यथायोग्य. तू स्वतःला जप, आणि भांडायला कुणी नसेल तर मला फोन कर.

तुझा,
मनोहर

ता. क. खरं काम आता सांगतो. मला मुलांना बिबट्या सांगायचा नाही, कापूस सांगायचा आहे. पण बिबट्या तुझा. जन्मभर तू त्याच्यावर सासरी मिरवलीस, म्हणून तुझी परवानगी हवी. नाही म्हणालीस तर मुकाट बिबट्या मारीन.

ता. क. २. आबांचा पीळ तूच शिकलीस. माझी वात चुरगळलेल्या तिकिटासारखी होते. तुझ्या वळलेल्या थोड्या वाती पाठव. एक देवापुढे लावीन, बाकीच्या लावणार नाही.

ता. क. ३. हे पत्र मेधाच्या पर्समध्येच राहिलं आणि कार्यक्रम उरकला. परवानगीवाचूनच कापूस सांगितला. पोरं बिबट्याचं नावही न काढता खाली बसून कापसाच्या खारी करत राहिली; आया शेवटी ओढून घरी घेऊन गेल्या. इराने इथल्या अह-लाह लावलेल्या इंग्रजीत माझ्या कानात विचारलं, “आजोबा, युअर आबा नेव्हर शूट एनीथिंग, अह?” म्हटलं, नाही गं, काहीच नाही मारलं. म्हणाली, “गुड लाह.”

तरी परवानगी पाठव. तुझ्याकडून आलेली हवी आहे.