सिंह बघायला गिअरची गाडी

७ मार्च, शनिवार

आफ्रिका ठरली! शैलेंद्रला ऑगस्टमध्ये साठ पूर्ण होतायत. साठीशांत करायची नाही, सिंह बघायचा, असं त्याने जेवताना जाहीर केलं. मी लगेच हो म्हटलं. होमाच्या धुरापेक्षा सिंह बरा.

आता सिंह कशात बसून बघायचा, यावर घरात खल चाललाय. माझी मैत्रीण देवयानी दोन वर्षांपूर्वी केनियाला जाऊन आली, म्हणून पहिला फोन तिला. "व्हॅन घे गं. छप्पर वर उचलतात, उभं राहून बघायचं. स्वस्तही पडतं." मग म्हणाली, "फक्त सिंह आला तेव्हा मला पुढच्या काकांचं टक्कल दिसलं." स्वतःच खो खो हसली. व्हॅन बाद.

१० मार्च

आपली वेगळी जीप, वेगळा ड्रायव्हर – आकडा बघून शैलेंद्रने लॅपटॉप मिटला आणि उठून पाणी प्यायला.

१५ मार्च, रविवार

त्याने शोध लावलाय! दक्षिण आफ्रिकेत क्रूगरच्या जंगलात आपली आपण भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं. मुख्य रस्ते डांबरी, साधी गाडीही चालते. मुक्कामाच्या जागा सोडून कुठे खाली उतरायचं नाही, एवढंच. ते सांगायला नको होतं. मी उतरतेय कशाला!

प्रीताही येणार आहे आमच्याबरोबर. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून तिचा फोन – "डॅड, छोटी कार नका घेऊ. गेट समथिंग हाय. नाहीतर ओन्ली गवत दिसेल." लेकीचं ऐकतो तो. बायकोने हेच सकाळी सांगितलं होतं, पण असो.

१७ मार्च

बुक केली. उंच एसयूव्ही, आणि छोट्या गाडीच्या भावात! स्वारी खूश. देवयानीला फोन, तिच्या नवऱ्याला फोन, पुण्याला भावाला फोन. "लोकांना डील शोधता येत नाही रे. पेशन्स लागतो."

१८ मार्च

गाडी गिअरची निघाली. म्हणून स्वस्त!

१९ मार्च

पैसे परत मिळत नाहीत. शैलेंद्रने कंपनीला फोन केला, तर ऑगस्टच्या सगळ्या ऑटोमॅटिक गेलेल्या. पुण्यात हा आयुष्यभर स्कूटरवर. कार शिकला ती इथे न्यू जर्सीत, ऑटोमॅटिकवर. पण कबूल करेल तर पुणेकर कसला? "स्कूटरला काय क्लच नव्हता?"

मी म्हटलं, यवतमाळला मी बाबांची जीप चालवायचे. फोनवर प्रीता किंचाळलीच – "वेट, मॉम कॅन ड्राइव्ह स्टिक? तू कधी सांगितलं नाहीस!" विचारलं कुणी होतं?

पण जीपची गोष्ट वेगळी. इथे मी ग्रोसरीला जाते, लायब्ररीत जाते, देवयानीकडे जाते. हायवे शैलेंद्रचा. नवीन आलो तेव्हा ऐंशी नंबरच्या हायवेवर एका ट्रकने असा भोंगा मारला, की मी कडेला गाडी लावून रडत बसले होते. तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे, मी आहे ना." तेव्हापासून तोच आहे. 'मी आहे ना' ऐकायला बरं वाटतं, हीच त्यातली गोम.

२९ मार्च, रविवार

हसून हसून पोट दुखतंय. देवयानीच्या नवऱ्याकडे, प्रसादकडे, एक जुनी लाल गिअरची गाडी आहे. पोरांपेक्षा लाडकी. ती घेऊन आम्ही बंद पडलेल्या एका दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये. शैलेंद्रने क्लच सोडला – गाडी बेडकासारखी उडी मारून बंद. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. जळका वास यायला लागला तसा प्रसाद रडकुंडीला आला. "सुलेखावहिनी, तुम्ही बघता का जरा? प्लीज!"

मी बसले. गिअर टाकायला डावा हात गेला आणि मी दाराचं हँडल ओढलं! इथे गिअर उजव्या हाताला ना. पण पाय? पायांना सगळं आठवत होतं. पहिला, दुसरा, तिसरा. लॉटला चार चकरा मारल्या. इतकी मोठ्याने हसले की देवयानी म्हणाली, "हिला काय झालं?"

शैलेंद्र म्हणाला, "हां, पण हा पार्किंग लॉट आहे."

३० मार्च

रात्री शैलेंद्र म्हणतो, "कॅन्सल करू या. पैसे गेले तर गेले." टूथपेस्टची ट्यूब कापून वापरणारा माणूस हा! कळलं मला. दुखणं गाडीचं नाही. दुखणं शेजारच्या सीटवर बसायचं आहे.

आणि खरं सांगू? 'कॅन्सल' ऐकून क्षणभर मलाही हायसं वाटलं. मग स्वतःचाच इतका राग आला की भांडी आपटली. "कॅन्सल-बिन्सल काही नाही," म्हटलं. "मी चालवीन."

म्हटलं खरं!

४ एप्रिल

एकटी ऐंशीवर गेले. डेन्व्हिलपर्यंत गेले आणि आले! आमचीच ऑटोमॅटिक, पण हायवे तोच आणि ट्रकही तेच. घरी येऊन सांगितलं तर – "लेन बदलताना मागे बघितलंस?" मग दोन घासांनी, "किती स्पीड होता?" मग माझ्या भातावर तूप वाढलं.

२५ एप्रिल

आज त्याला शेजारी बसवून एडिसनपर्यंत नेलं. सगळा रस्ता पायाने खालची मॅट दाबत होता. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. येताना आंबे घेतले. रात्री प्रीताला फोनवर सांगत होता, "आई चालवणारेय. मी दुर्बीण सांभाळणार. सिंह कुठेय ते कुणीतरी सांगायला नको का?"

आपलाच नवरा, पण लबाड.

४ मे

दुपारी गाडीच्या कंपनीचा फोन आला. शैलेंद्र ऑफिसात होता. ऑगस्टसाठी एक ऑटोमॅटिक मोकळी झालीय, तेवढ्याच पैशात देतो, तिथली बाई म्हणाली.

मी नको म्हटलं. शैलेंद्रला सांगणार नाहीये.