तिसावा क्रमांक

१४ तारीख, मंगळवार

ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींनी गोड सोडलं म्हणे. स्वतःच्या ताटातलं की तुझ्या, तेवढं कळव. मुलं मजेत आहेत.

माझं मात्र डोकं फिरलंय. नर्सांच्या संघटनेनं राज्यभर पाहणी काढली होती. कॅन्सरच्या वॉर्डातल्या नर्सांनीच सांगायचं, संशोधन कशावर व्हावं. तीस विषयांना एक ते तीस क्रमांक द्यायचे. वरच्या दहांवर पाच वर्षं काम होणार, बाकीचे बासनात. चांगली गोष्ट होती गं. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी आम्हाला विचारत होतं.

आणि आम्ही पाट्या टाकल्या! आमच्या वॉर्डाला आलेल्या चाळीस फॉर्मांतले सव्वीस कोरेच राहिले. शेवटच्या दिवशी मेट्रनबाई म्हणाल्या, "तूच भरून टाक ना, कुणाला वेळ आहे इथे?" डबा खाता खाता मी सव्वीसच्या सव्वीस भरले. तीन वेगवेगळी पेनं घेतली, आकडे कधी तिरके, कधी उभे. शी! लिहितानाही माझीच मला किळस येते.

काल निकाल आला. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या नर्सचा फोटो. पहिल्या दहांत नोंदी, प्रशिक्षण, हात धुणं. 'चिघळलेल्या जखमेचा वास' अकरावा.

आमची नवी सिस्टर कागद धरून उभीच राहिली. "असं कसं? मी तर हाच पहिला लिहिला होता. बारा नंबरच्या आजींचा मुलगा दारातूनच 'जेवलीस का' विचारून पळतो. रोज बघतो ना आपण?"

मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस." वर माझ्या पाठीवर थाप मारली. अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

वास मी तिसावा टाकला होता, ताई. सव्वीसही फॉर्मांवर. बाकीचे आकडे अंदाजपंचे, हा एकच ठरवून. प्रत्येक फॉर्मवर आधी हाच उरकायचे, म्हणजे ते शब्द पुन्हा वाचावे लागणार नाहीत.

का, ते तुला ठाऊक आहे. आईच्या छातीची जखम तू चार महिने धुतलीस. मी शिकलेली नर्स, आणि "ड्यूटी आहे" म्हणून उंबऱ्यावरूनच मागे फिरायचे. ड्यूटी नव्हती. खाली बसथांब्यावर तासभर बसून घरी जायचे. परक्यांच्या जखमा बिनतक्रार बांधते मी. पण आईच्या अंगाचा वास माझ्या ओळखीचा होता गं, त्यात तो दुसरा मिसळलेला मला सोसेना. तू कधी एका शब्दानं बोलली नाहीस. आईनं मात्र ओळखलं होतं. मी यायची वेळ झाली की ती तुला खिडक्या उघडायला सांगायची.

संघटनेला सगळं लिहून कळवलंय. हे सव्वीस फॉर्म बाद करा, पुन्हा मोजा. मेट्रनबाईंना न विचारता सकाळीच पत्र टाकलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

तू कशी बसायचीस आईजवळ? नाकाला काही लावायचीस, की तशीच? मला खरं खरं सांग. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

उंबऱ्यापर्यंतच आलेली,
तुझी धाकटी