शिवदासच्या बाजूची खुर्ची

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजही नलिनी त्याच्याच बाजूला बसली! सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी शिवदासच्या बाजूचीच. मी दारातून पाहिलं — तिनं तोंड त्याच्या कानापाशी नेलं, काहीतरी बोलली, आणि तो हसला.

हा माणूस जन्मभर बोटीवर खानसामा होता. तिकडून हा स्टड पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ घेऊन आला आणि आम्हा मुलुंडच्या म्हाताऱ्यांना नादी लावलं. पैसे नाहीत, चिंचोके लावतात. माझ्या बायकोला सरळ 'नलिनी' म्हणतो. मी नवरा असून इतक्या वर्षांत चारचौघांत 'अगं' सोडून हाक मारली नाही.

१९ नोव्हेंबर

झोप नाही. बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही. तिला विचारणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मीच जाऊन म्हटलं, मलाही शिकवा. समोर बसलो, म्हणजे दोघं दिसतात. 'या अनंतराव, तुमचीच वाट बघत होतो,' म्हणाला. खोटारडा.

खेळ लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात राहील. सत्तरीचं डोकं! आधी प्रत्येकाला एक पान पालथं. ते ज्याचं त्यानंच बघायचं. मग एक उघडं. ज्याचं उघडं पान सगळ्यांत लहान, त्यानं पहिला चिंचोका टाकायचा. पुढची तिन्ही पानं एकेक करून उघडीच येतात, आणि दर वेळी ज्याची उघडी पानं भारी, तो आधी बोली लावतो. जमत नसेल तर पानं टाकून द्यायची, म्हणजे पॅक. पाच पानं झाली की शेवटची बोली, मग पालथं उलटायचं. ज्याची पानं भारी, त्याचा ढीग.

शिवदास म्हणतो, आपलं पान बघून विसरायचं, लक्ष समोरच्यांच्या उघड्या पानांवर. माझं लक्ष त्या दोघांवर. सगळे चिंचोके गेले. पद्मजाबाई — शाळेतून रिटायर झालेल्या — म्हणाल्या, 'अहो, पानं टेबलावर आहेत, नलिनीच्या तोंडावर नाहीत!' सगळे हसले. तीसुद्धा.

२३ नोव्हेंबर, रविवार

पान पडलं की ही त्याच्या कानाशी. घरी विचारलं, एवढं काय बोलता? 'खेळातलं,' म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

माझ्याशी काय बोलते? गॅस बंद केला का. नळ आला का.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज बोललोच, सगळ्यांदेखत. खेळात कुजबुज म्हणजे चीटिंग. अगं, तू इकडे येऊन बस. ती उठेना. शिवदासच म्हणाला, 'जा नलिनी. त्यांचं बरोबर आहे.' तेव्हा उठली. त्याच्या सांगण्यावरून — माझ्या नाही!

पुढच्याच डावात आम्ही बाकीचे पॅक. शिवदास आणि पद्मजाबाई उरले. बाईंपुढे दोन राण्या उघड्या. तरी हा चिंचोके वाढवतच राहिला. शेवटी पालथं पान उलटलं — दश्शी. एक दश्शी उघडी होतीच. 'जोडी!' म्हणाला आणि हात ढिगाकडे.

बाई हळू म्हणाल्या, 'शिवदासभाऊ, माझ्या राण्यांची जोडी आहे.'

'कुठे?'

तो टेबल चाचपत उठला.

२८ नोव्हेंबर

नलिनी आज बोलली. वर्षभर त्याची नजर जातेय. हातातलं पान डोळ्यांजवळ धरून कसंबसं दिसतं, समोरची दिसत नाहीत. कुणाला कळू नये म्हणून तिच्याकडून वचन घेतलं होतं. ती कानात सांगायची, पद्मजाला राणी, आमच्या ह्यांना सत्ती. एवढंच.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला हवी. जाईन.

पण त्याला दिलेलं वचन तिनं मलाही न सांगता पाळलं! हे टोचतंच.

२ डिसेंबर, मंगळवार

शिवदास आता हॉलमध्ये येत नाही. नलिनी पत्ते घेऊन त्याच्या घरी निघाली. यापुढे तिथेच खेळणार, दोघंच. मी विचारलं, मीही येऊ का?

'नको,' म्हणाली. 'त्यांना तुमच्यासमोर लाज वाटते.'