राजाचा गोंडा

१४ जून, शनिवार

घोड्यांचं बोलायचं, उंदरांचं नाही! अनंतसरांनी आज तीनदा बजावलं. मंगळवारी वाळव्याच्या पुढे एका गावात सर्पदंशावर माहिती द्यायला जायचंय. जाणार मी, कारण म्हणे मी छान बोलते.

पण आमच्या माधवनगरच्या प्रयोगशाळेत घोडा आहेच कुठे? घोडे लांब, दुसऱ्याच जिल्ह्यात. त्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तातून सापाच्या विषावरचं औषध काढतात. आमच्याकडे येते ती तयार बाटली. ती खरंच काम करते का, हे आम्ही पांढऱ्या उंदरांवर बघतो. सहा वर्षं मी तेच करतेय. म्हणजे मला जे येतं तेवढं सोडून बाकीचं सांगायचं!

सर म्हणतात, उंदीर म्हटलं की लोक बिथरतात. बिथरले तर दवाखाना सोडून पुन्हा मांत्रिकाकडे जातील. खरंही असेल. मला कळत नाही. आईला तरी मी कुठे सांगितलंय? ती वाईत सगळ्यांना सांगते, लेक रक्त तपासते.

१७ जून, मंगळवार

मारुतीच्या देवळात सभा. बायकाही बऱ्याच होत्या. घोड्यांची चित्रं दाखवली, लोकांनी मन लावून ऐकलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

शेवटी मनुबाई उठल्या. साठीच्या असतील. गेल्या वर्षी उसातलं तण भांगलताना त्यांना घोणस चावली. मांत्रिकाला न विचारता थेट दवाखान्यात नेलेल्या गावातल्या त्या पहिल्या. त्यांच्या मुलानं, आकारामनं, मोटरसायकलवर नेलं. त्या वाचल्या, आणि तेव्हापासून गाव दवाखान्यात जायला लागलं.

"ताई, मला ज्यानं वाचिवलं त्या घोड्याचं नाव काय वो?"

घोड्यांना क्रमांक असतात. तोही मला ठाऊक नाही. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं.

"राजा," म्हणाले मी.

का म्हणाले?

१८ जून

राजा! शाळेत असतानाही मी असली थाप मारली नव्हती.

२६ जून, गुरुवार

आकारामचा फोन. नऊ तारखेला बेंदूर, बैलांचा सण. मनुबाईंचं म्हणणं, कामाच्या जनावराला त्या दिवशी गोडाचा घास द्यायचाच. राजानं काम केलंय, मग त्याचा घास कसा चुकवायचा? त्यांनी त्याच्यासाठी निळ्या लोकरीचा गोंडासुद्धा केलाय. आकाराम पुरणपोळ्या घेऊन माधवनगरला येणार. राजाला गूळ चालतो का, असं विचारत होता.

मी म्हणाले, चालतो.

३० जून, सोमवार

सरांना सांगून टाकलं. आधी पोटभर हसले. मग म्हणाले, पोळ्या ठेवून घ्या, कुठल्यातरी घोड्याच्या गळ्यात गोंडा घाला आणि फोटो पाठवा. तेही खूश, आपणही खूश.

दुपारभर पिंजऱ्यांसमोर नुसती उभी. राग येत होता — सरांचा की मनुबाईंचा की माझाच, ते कळेना. खरं सांगितलं तर गावाचा विश्वास जाणार. नाही सांगितलं तर तो थापेवर उभा राहणार. त्यात हे भांगलणीचे दिवस, म्हणजे सापांचेच. माझ्या एका शब्दापायी उद्या कुणी दवाखान्यात जायचं टाळलं तर? डोकं चालेनासं झालंय.

५ जुलै, शनिवार

मनुबाईंकडे जाऊन आले.

घराच्या पुढच्या सोप्यात बसवलं. चहा आला आणि चहाच्या आधी गोंडा आला. काय सुबक केलाय! मग सगळं एका दमात सांगितलं. राजा नाही. मी त्या घोड्यांना कधी हातही लावलेला नाही. माझ्याकडे उंदीर आहेत. त्यांना विष आणि औषध एकत्र टोचते आणि किती जगतात ते बघते.

"जगल्यालं सोडून देता?" मनुबाईंनी विचारलं.

"नाही. तेही मारावे लागतात. मीच मारते."

हे मी आजवर कुणासमोर मोठ्यानं बोलले नव्हते. मनुबाई गोंडा हातात घेऊन त्याची लोकर सारखी करत बसल्या. आकाराम मात्र उठला.

"ताई, घोडं खोटं निघालं. मग विंजेक्शन खरं कशावरनं?"

मला उत्तर देता आलं नाही! सहा वर्षं हेच काम करते आणि मला उत्तर देता आलं नाही. कुणी स्टँडपर्यंत सोडायलाही आलं नाही, आणि का यावं?

आष्ट्याच्या पुढे एसटीत सुचलं. उंदरांवरनं! औषध खरं आहे हे मला उंदरांवरनंच तर कळतं. पहिल्या दिवशी सांगायचं होतं ते एवढंच.

६ जुलै

तेवढंच आकारामला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. त्यानं वाचलंय. उत्तर नाही.

७ जुलै, सोमवार

सगळं ऐकून सर म्हणाले, "हातातलं गाव घालवलंत तुम्ही." घालवलं असेल. तरी शनिवारपासून मला झोप बरी लागतेय, हे कसं काय?

९ जुलै, बेंदूर

सकाळी आकारामचा फोटो आला. पाटावर मातीची बैलजोडी. शेजारी मातीचंच एक बारकं जनावर, आणि त्याच्या पाठीवर त्याच्याहून मोठा निळा गोंडा. पुढ्यात पुरणपोळी. खाली रेकॉर्ड करून पाठवलेला मनुबाईंचा आवाज:

"उंदीर हाय त्यो, ताई. आकारामनं केलाय, शेपूट जरा जाड झालंय. नाव राजाच ठिवलंय."