झैनहुमची कबुतरं आणि आमची हिरवी गच्ची

१७ मे
लिहायचं लिहायचं म्हणत कैरोच्या इम्बाब्यात आल्यापासून चालढकल केली. कारण काही नाही. आळस! सुएझला बोटींना रंग मारायचो, मग मर्सा मतरूहला समुद्रावर छत्र्या भाड्याने द्यायचो. तिथला मालक एक नंबरचा... जाऊ दे, गच्चीबद्दल लिहायचं होतं. सध्या अत्रीसमामाच्या गच्चीवरच्या खोलीत पडून असतो.

तर आज गच्च्यांवर बागा लावणाऱ्या संस्थेच्या इंजिनीअर नेविनबाई आल्या. गॉगल, टोपी, गळ्यात कॅमेरा. म्हणाल्या, "कैरो तापतंय. गच्च्या हिरव्या झाल्या की शहर थंड होईल, पाखरं परत येतील." परत? गेली कधी होती? समोरच मामाचा कबुतरखाना, लाकडी, चार खांबांवर डुलणारा. त्याच्याकडे बघून बाईंनी नाक मुरडलं. पाखरं हवीत, पण ही नकोत! "हा काढावा लागेल. कबुतरं रोपं खातात."

मामाने छातीवर हात ठेवला. "तुमच्यासाठी डोळे काढून देईन, बाई. ईद झाली की काढतो." कुठली ईद, ते नाही सांगितलं.

मामा कबूल झाला तो इनशिराहमामीमुळे. तिची खोली गच्चीच्या बरोब्बर खाली. उन्हाळ्यात वरून आग ओतल्यासारखं होतं. मामी ओला टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडते, दम लागतो. डॉक्टर म्हणाला, जागा बदला. कुठे बदलणार? डॉक्टरच्या घरी?

२ जून
लागवडीच्या पेट्या आल्या. हलकी माती, भाताचं तूस. गर्गीरचा तिखट पाला, पुदिना, वांगी. बाईंनी भाषण केलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या, सरबत प्याली, गेली. आता पाणी कोण घालणार? मामीचे गुडघे दुखतात, मामाला कबुतरं. म्हणजे मी!

११ जून
कळलं! मामा या बागेवर एवढा खूश का ते कळलं!

समोरच्या गच्चीवरचा झैनहुम मामाचा वैरी. शिव्या सोडल्या तर वर्षानुवर्षं दोघांत शब्द नाही. दोघांचे थवे संध्याकाळी आभाळात भिडतात. दुसऱ्याच्या गच्चीवर पाखरू उतरलं की ते त्याचं झालं. परत मागणं म्हणजे मिशी उतरवून देणं. आता या सिमेंटच्या वाळवंटात हिरवं आणि ओलं दिसतं ते फक्त आमच्याकडे! झैनहुमची पाखरं पाण्यावर उतरतात, मामाची जाळी पडते. स्वतःच्या पाखरांना मात्र त्याने आधीच दाणे चारून ठेवलेले असतात.

"शहर थंड करतोस ना, मामा?"
"माझं काळीज थंड होतंय ना, बस!"

१९ जून
नेविनबाईंनी फोटो काढले. "बघितलंत? पाखरं वाढली!" वाढली. सगळी झैनहुमची. बाईंच्या मागे पुदिन्यावर खराखुरा रानपक्षी, हुदहुद, येऊन बसला होता, तुरा उभारून. त्याच्याकडे बाईंची पाठ!

१ जुलै
झैनहुमने संस्थेकडे अर्ज केला. त्याच्या मागोमाग कोपऱ्यावरच्या खाटकाने, मग न्हाव्याने. सगळे कबुतरबाज! नेविनबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "लोकांना निसर्गाची जाण आली." जाण! प्रत्येकाला शेजाऱ्याची पाखरं हवीत. दुष्टाव्यापोटी हिरवी झालेली अशी गल्ली दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

१४ जुलै
मामी दुपारी झोपली. पलंगावर. टॉवेलशिवाय. उठल्यावर म्हणाली, "छत आता अंगावर येत नाही रे." बरं.

९ ऑगस्ट
अंबर गेला.

मामाचा लाडका नर. मधाच्या रंगाचा, थव्याचा म्होरक्या. झैनहुमने आपल्या गच्चीवरच्या नव्या पेट्यांमध्ये पाण्याची परात ठेवली होती. अंबरने दोन घिरट्या घातल्या आणि सरळ खाली. जाळी. मामाने शिट्ट्या मारल्या, झेंडा फिरवला, हात दुखेपर्यंत. झैनहुम कठड्यावर आला, अंबरला दोन्ही हातांत धरून सगळ्या गल्लीला दाखवला.

"काय उस्ताद, गर्गीर पाठवू का सोबत खायला?"

मामाने झेंडा गुंडाळून ठेवला. मला हसू आलं होतं, ते गेलं.

१२ ऑगस्ट
मामा रोजची बाकल्याची उसळसुद्धा खात नाही. भाकरीचा तुकडा मोडतो, ठेवतो. थवा उडवला नाही. आज एकदम उठला आणि पेट्यांना लाथ मारली. "ही घाण गच्चीवर आणली म्हणून गेला तो! शुक्रवारी सगळं खाली फेकतो!"

मामी म्हणाली, "आणि मग मी कुठे जाऊ?"
"तू माझ्यासोबतच भाज!"

ती आत गेली. टॉवेल शोधत होती.

१३ ऑगस्ट
मी म्हटलं, झैनहुमकडे जाऊन मागून आणतो. मामाने चप्पल फेकून मारली. "माझ्या मेलेल्या बापाला मान खाली घालायला लावतोस?" मरा मग! एका पाखरापायी बायकोला भाजणार, आणि वर मान ताठ! मी उद्या अलेक्झांड्रियाला जातोय. एकाने मासळी बाजारात काम देतो म्हटलंय. इथली पेरणीही खोटी, प्रेमही खोटं.

निघायच्या आधी पाणी घातलं. वांग्यांचा काय दोष.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
मामा नमाजाहून यायचाय. मी बॅग घेऊन जिन्यात, तर खालून कुणीतरी धापा टाकत येतंय. झैनहुम! आमच्या जिन्यात! एका हातात वांग्याचं रोप, मुळासकट, पिवळं पडलेलं. दुसरा हात लांब झग्याच्या, गलाबियाच्या आत, छातीशी, आणि तिथे मधाच्या रंगाचं काहीतरी हलतंय.

"अत्रीस नाही ना घरात? बरं झालं. मला तूच हवास, रोज पाणी घालणारा पोरगा. सगळी वांगी मरतायत रे माझी!"